श्रीभास्कराचार्य व वर्तुळाचें प्रमाण

हायस्कुलांत भूमिति शिकूं लागलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याची एका ग्रीक अक्षराशीं लवकरच गांठ पडते. दोन उभ्या खांबांवर एक आडवी तुळई ठेवावी असें त्या अक्षराचें रूप असून, योगायोगाची गोष्ट अशी कीं, त्याचें नांवही आपल्या कानांस ओळखीचें असें 'पाय' हेंच आहे. वर्तुळाच्या परिघास त्याच्या व्यासानें भागिलें असतां जो भागाकार येतो, त्याचें हें चिन्ह होय. आमचें केम गांव कुंकवासाठीं सर्वत्र ठाऊक आहे. कपाळावर रेखिलेला त्या कुंकवाचा वाटोळा टिळा असो, रस्त्यानें जाणाऱ्या बैलगाडीचें चाक असो, कीं पौर्णिमेच्या रात्रीं उगवणारें चंद्रबिंब असो. वर्तुळ कितीही लहान वा मोठें घेतलें तरी हा भागाकार एकच येतो. सृष्टींतील वर्तुळमात्रास लागू असलेला हा नियम मानवास सांपडला, ही खरोखर लहानसहान गोष्ट नव्हे.

परंतु ह्या अक्षराविषयीं विद्यार्थ्यांमध्यें एक गैरसमज फार रूढ झालेला आढळतो. पाय म्हणजे २२/७ असें तोंडपाठ करून ते मोकळे होतात, आणि हें बरोबरीचें नातें अगदीं तंतोतंत आहे असें त्यांच्या मनांत कायमचें ठसून राहतें. वस्तुतः २२/७ हें त्या प्रमाणाचें जवळपासचें, कामापुरतें मूल्य आहे; तें प्रमाण स्वतः नव्हे. पाय हें चिन्ह ह्या अर्थानें इसवी सन १७०६ मध्यें विल्यम जोन्स ह्या वेल्समधील गणितज्ञानें प्रथम छापील ग्रंथांत योजिलें. पुढें ऑयलर ह्या थोर स्विस गणितज्ञानें तें उचलल्यामुळें सर्व देशांत मान्य झालें. परिघ ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दाचें तें आद्याक्षर आहे. चिन्ह असें अलीकडचें असलें तरी ज्याचें तें चिन्ह आहे तें प्रमाण फार प्राचीन आहे. जोन्सच्या पूर्वीं साडेपांचशें वर्षें, सह्याद्रीच्या आश्रयास राहणाऱ्या एका पंडितानें ह्या प्रमाणाचीं दोन मूल्यें शेजारीं शेजारीं मांडून, त्यांपैकीं सूक्ष्म कोणतें व केवळ व्यवहारास पुरेसें कोणतें, हें निःसंदिग्धपणें सांगून ठेविलें होतें. त्या पंडितांचें, म्हणजे श्रीभास्कराचार्यांचें, चरित्र आम्ही आज आमच्या वाचकांपुढें ठेवीत आहों.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इसवी सन १११४ मध्यें झाला. जुन्या ग्रंथकारांचा काल ठरवितांना संशोधकांस पुष्कळदां तर्कावर भिस्त ठेवावी लागते. परंतु भास्कराचार्यांनीं आपला जन्मशक आणि ग्रंथरचनेच्या वेळचें आपलें वय हीं दोन्ही स्वतःच श्लोकबद्ध करून ठेविलीं आहेत. त्या काळीं आंकडे शब्दांनीं सांगण्याची एक मौजेची रीत होती. रस सहा आहेत म्हणून रस ह्या शब्दानें ६, पृथ्वी एकच म्हणून पृथ्वीवाचक शब्दानें १, असे आंकडे एकं स्थानापासून उलट क्रमानें गुंफावयाचे. अशा रीतीनें त्यांनीं आपला शक सांगितला आहे. ह्याच नांवाचे आणखी एक गणिती सातव्या शतकांत होऊन गेले. त्यांच्याशीं ह्यांचा घोटाळा होऊं नये म्हणून विद्वान लोक आपल्या चरित्रनायकांस दुसरे भास्कराचार्य असें म्हणतात.

त्यांचें गोत्र शांडिल्य होतें. सह्य पर्वताच्या आश्रयास वसलेलें, विद्वानांनीं गजबजलेलें विज्जडविड नांवाचें नगर हें आपलें वसतिस्थान म्हणून त्यांनीं उल्लेखिलें आहे. हें नगर आजचें कोणतें, ह्याविषयीं विद्वानांत मतभेद आहेत. तथापि त्यांच्या घराण्याचा सविस्तर वृत्तांत सांगणारा शिलालेख आजच्या जळगांव जिल्ह्यांत, चाळीसगांवजवळ पाटण येथें मिळाला आहे. त्यांचे वडील महेश्वर हे स्वतः निष्णात ज्योतिषी होते, आणि तेच भास्कराचार्यांचे गुरु. घरांत पिढ्यान्‌पिढ्या विद्येची परंपरा. त्यांत पुत्राची बुद्धि तीव्र आणि पिता शिकविण्यास समर्थ. असा योग क्वचित् जुळून येतो. आर्यभट, ब्रह्मगुप्त, लल्ल, श्रीधर इत्यादि पूर्वाचार्यांचे ग्रंथ त्यांनीं केवळ पाठ न करतां कसोटीवर घासून पाहिले. हा कसोटीचा स्वभावच त्यांच्या सर्व चरित्राची किल्ली आहे, हें पुढें दिसून येईल.

वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं, इसवी सन ११५० मध्यें, त्यांनीं सिद्धान्तशिरोमणि हा आपला प्रमुख ग्रंथ पुरा केला. त्याचे चार भाग आहेत: अंकगणित व क्षेत्रगणित सांगणारी लीलावती, अव्यक्त राशींचा विचार करणारें बीजगणित, ग्रहांच्या गतींचें गणित, आणि गोलाध्याय. ह्यांवर वासनाभाष्य नांवाची टीकाही त्यांनीं स्वतःच लिहिली. वासना म्हणजे येथें उपपत्ति, अर्थात् नियमामागील कारण. सूत्र सांगावें व शिष्यानें तें घोकावें, एवढ्यावर त्यांचें समाधान नव्हतें; नियम असाच कां, हें सांगितल्यावांचून त्यांस चैन पडत नसे.

चारही भागांत लोकप्रिय झाली ती लीलावती. कमळांवर बसणारे भुंगे, बिळाकडे धांवणारा साप व त्यावर झेप घेणारा मोर, वाऱ्यानें लवून पाण्यांत बुडालेलें कमळ, तुटलेल्या हारांतील मोतीं, अशा सुंदर विषयांवर तिच्यांत उदाहरणें घातलेलीं आहेत. आणि तीं कोठें बालिकेस, कोठें मित्रास उद्देशून विचारिलेलीं आहेत. लीलावती ही आचार्यांची कन्या होती, तिच्या विवाहाचा मुहूर्त साधण्यासाठीं ठेविलेल्या घटिकापात्राच्या छिद्रांत तिच्या अलंकारांतील एक मोतीं पडून तें बंद झालें, मुहूर्त टळला, आणि दुःखित कन्येचें नांव अमर व्हावें म्हणून पित्यानें ग्रंथास तें दिलें, अशी एक हृद्य कथा प्रसिद्ध आहे. अकबर बादशहाच्या दरबारांतील फैजी ह्या कवीनें इसवी सन १५८७ मध्यें लीलावतीचें फारसी भाषांतर केलें, त्यांत ही कथा दिलेली आहे. भास्कराचार्यांच्या स्वतःच्या ग्रंथांत मात्र ती नाहीं. म्हणून ती आख्यायिका ह्या नात्यानेंच वाचावी. इतिहास म्हणून सांगूं नये.

आतां आपण वर्तुळाकडे वळूं. लीलावतींतील क्षेत्रव्यवहारांत आचार्य सांगतात कीं, व्यासास ३९२७ नीं गुणून १२५० नीं भागिलें असतां सूक्ष्म परिघ मिळतो; आणि व्यासास २२ नीं गुणून ७ नीं भागिलें असतां जो परिघ येतो तो स्थूल असून व्यवहारास योग्य आहे. पुढें उदाहरण घेतलें आहे तें व्यास ७ असलेल्या वर्तुळाचें. स्थूल रीतीनें त्याचा परिघ बरोबर २२ येतो. सूक्ष्म रीतीनें २१ पूर्णांक व १२३९ छेद १२५०, म्हणजे बाविसाहून किंचित् कमी. एकाच वर्तुळाचीं दोन उत्तरें पाहून विद्यार्थ्यानें गोंधळून न जातां विचार करावा, हाच ह्या उदाहरणाचा हेतु असावा असें आम्हांस वाटतें.

हा फरक केवढा, तें आजच्या मापांनीं पाहूं. सव्वा मीटर व्यासाचें गाडीचें चाक घ्या. सुतारानें तुंबा, आरे व पाटे जुळवून चाक सिद्ध केलें, कीं लोहार त्यावर लोखंडाची धाव चढवितो. धाव चाकाच्या घेरापेक्षां किंचित् आंखूड ठेवितात. विस्तवांत लाल झाली म्हणजे ती प्रसरण पावून चाकावर बसते, आणि वर पाणी ओतलें कीं आकुंचन पावून लांकडास घट्ट आवळते. ह्या चाकाचा परिघ २२/७ नें काढिला तर चूक होते सुमारें दीड मिलिमीटर. ती कोणाच्या लक्षांतही यावयाची नाहीं. लोहारास सूक्ष्म मूल्याची गरज नाहीं. आचार्यांनीं व्यवहारास योग्य म्हटलें तें ह्याच अर्थानें. आतां चाकाच्या ठिकाणीं पृथ्वी घ्या. तिचा मध्यम व्यास १२,७४२ किलोमीटर आहे. तेथें २२/७ घेतल्यास परिघांत सोळा किलोमीटरांची, म्हणजे दहा मैलांची, चूक पडते. परंतु आचार्यांचें सूक्ष्म मूल्य घेतल्यास ती शंभर मीटरांच्याही आंत राहते. आकाशस्थ गोलांचें गणित करणारास सूक्ष्म मूल्य कां लागतें, हें ह्यावरून सहज ध्यानांत येईल.

हें सूक्ष्म मूल्य दशांशांत मांडिलें तर ३.१४१६ होतें. खरें प्रमाण ३.१४१५९२६५... असें न संपणारें आहे. आर्यभटांनीं इसवी सन ४९९ मध्यें २०,००० व्यासास ६२,८३२ परिघ सांगितला होता, आणि तो आसन्न म्हणजे जवळपासचा आहे, हेंही त्यांनीं म्हटलें होतें. ह्या दोन्ही संख्यांस १६ नीं भाग द्यावा. भास्कराचार्यांच्याच संख्या मिळतील. तिकडे ग्रीक लोकांत आर्किमिडीजनें वर्तुळाच्या आंत व बाहेर ९६ बाजूंच्या आकृति कल्पून हें प्रमाण ३ पूर्णांक १०/७१ व ३ पूर्णांक १/७ ह्यांच्या दरम्यान असल्याचें सिद्ध केलें होतें. २२/७ हें त्यांतील वरच्या मर्यादेचें मूल्य होय. आपल्याकडे कोंकणांतील नांदगांवचे सुप्रसिद्ध ज्योतिषी गणेश दैवज्ञ ह्यांनीं इसवी सन १५४५ च्या सुमारास लीलावतीवर टीका लिहिली. सूक्ष्म मूल्य कसें निघतें, हें त्यांनीं तींत उलगडून दाखविलें आहे: वर्तुळांत प्रथम सहा समान बाजूंची आकृति काढावी, मग बारा, चोवीस, अट्ठेचाळीस अशा बाजू दुप्पट करीत ३८४ पर्यंत जावें, इतक्या बाजूंची आकृति वर्तुळास जवळजवळ मिळूनच जाते. ह्या रीतींत चमत्कार कांहीं नाहीं. आहे तो चिकाटीचा हिशेब.

परंतु भास्कराचार्यांच्या बुद्धीचें व धैर्याचें खरें दर्शन घडतें तें गोलाध्यायांत. गोलाच्या पृष्ठभागाचें क्षेत्रफळ किती, हा प्रश्न होता. लल्लाचार्य हे भास्कराचार्यांच्या पूर्वीं सुमारें चार शतकें होऊन गेलेले मान्यवर ज्योतिषी. गोलाच्या मध्यांतून जाणाऱ्या मोठ्या वर्तुळाचें क्षेत्रफळ घेऊन त्यास परिघानें गुणावें, म्हणजे पृष्ठफळ मिळतें, असा त्यांचा नियम होता. आपण पुनः ७ बोटें व्यासाचा व २२ बोटें परिघाचा चेंडू घेऊं. मोठ्या वर्तुळाचें क्षेत्रफळ साडेअडतीस चौरस बोटें. त्यास २२ नीं गुणिलें तर लल्लांच्या मतें चेंडूचें पृष्ठफळ ८४७ चौरस बोटें होतें. लल्लांचें नांव मोठें, ग्रंथ सर्वत्र पठणांतला. शिष्यांनीं मान तुकवून हें पाठ करावें, हीच रीत. भास्कराचार्यांनीं मान तुकविली नाहीं. त्यांनीं केवळ कापडाचा एक तुकडा मनापुढें आणिला.

त्यांची युक्ति अशी. चेंडूच्या निम्म्या परिघाएवढा व्यास असलेलें एक वाटोळें कापड कापावें. आपल्या चेंडूसाठीं तें ११ बोटें व्यासाचें होईल. ह्या कापडाचा मध्य चेंडूच्या माथ्यावर ठेवून तें सर्व बाजूंनीं खालीं सोडिलें, तर त्याची कड बरोबर चेंडूच्या कमरेपर्यंत पोंचेल. म्हणजे अर्धा चेंडू झांकला जाईल, आणि शिवाय चुण्या पडून कांहीं कापड जास्तच राहील. आतां ह्या कापडाचें क्षेत्रफळ सुमारें ९५ चौरस बोटें, म्हणजे मोठ्या वर्तुळाच्या जेमतेम अडीचपट आहे. तेव्हां अर्ध्या चेंडूचें पृष्ठ अडीचपटींहून कमी, आणि सबंध चेंडूचें पांचपटींहून कमी असलेंच पाहिजे. मग लल्लांची बाविसपट येणार कोठून? जें ९५ बोटें कापडानें झांकून वर उरतें, तें लल्लांच्या हिशेबानें सव्वाचारशें बोटें कसें असेल?

चूक दाखवून आचार्य थांबले नाहींत. खरें उत्तरही त्यांनीं दिलें. आवळ्यावर देंठापासून तळापर्यंत जशा रेषा असतात, तशा गोलाच्या पृष्ठावर कल्पून त्यांनीं त्याच्या फांका पाडल्या, आणि ज्यांच्या कोष्टकाच्या आधारें एका फांकेचें क्षेत्रफळ काढून सर्वांची बेरीज केली. उत्तर निघालें परिघ गुणिले व्यास, म्हणजे मोठ्या वर्तुळाच्या बरोबर चौपट. आपल्या चेंडूसाठीं १५४ चौरस बोटें. पुढें गोलाच्या मध्यापाशीं टोंक असलेल्या असंख्य सूचींनीं गोल भरलेला आहे असें मानून त्यांनीं घनफळही काढिलें: पृष्ठफळास व्यासानें गुणून सहांनीं भागावें. आज शाळेंत पाय हें अक्षर घालून हेंच नियम शिकवितात. पृथ्वीचा परिघ त्यांनीं ४,९६७ योजनें व व्यास १,५८१ पूर्णांक १/२४ योजनें धरिला आहे. ह्या दोन संख्यांचा भागाकार करून पाहावा; ३.१४१६ हेंच त्यांचें सूक्ष्म मूल्य पुनः हातीं येतें. व्यवहाराचें स्थूल मूल्य त्यांनीं येथें वापरिलें नाहीं.

ह्या प्रसंगीं एक गोष्ट विद्यार्थ्यांनीं विशेष लक्षांत ठेवावी. ज्या लल्लांची चूक भास्कराचार्यांनीं इतक्या स्पष्टपणें दाखविली, त्यांच्याच ग्रंथावर त्यांनीं टीकाही लिहिलेली आहे. पूर्वसूरींविषयीं आदर आणि त्यांच्या चुकीविषयीं परखडपणा हीं दोन्ही एकाच मनांत सुखानें नांदूं शकतात. गुरूचा मान राखावयाचा म्हणून त्याची चूक पुढें चालवावी, असें त्यांस वाटलें नाहीं. आणि चूक सांपडली म्हणून गुरूची हेटाळणी करीत बसावें, हेंही त्यांस रुचलें नाहीं. त्यांनीं ग्रंथ अभ्यासिला, टीका लिहिली, आणि जेथें नियम खोटा ठरला तेथें तो बदलला.

त्यांच्या इतर कार्याचा येथें ओझरताच उल्लेख करितां येईल. एखाद्या संख्येच्या वर्गास ६१ नीं गुणून त्यांत १ मिळविला असतां पुनः पूर्ण वर्ग व्हावा, अशी संख्या कोणती, हा प्रश्न त्यांनीं बीजगणितांत चक्रवाल नांवाच्या रीतीनें सोडविला आहे. अशी लहानांत लहान संख्या २२,६१,५३,९८० ही आहे. हाच प्रश्न पुढें पांचशें वर्षांनीं, इसवी सन १६५७ मध्यें, फर्मा ह्या फ्रेंच गणितज्ञानें यूरोपांतील विद्वानांपुढें टाकिला होता. ग्रहाची गति दिवसभर एकसारखी नसते, म्हणून त्या त्या क्षणाची गति निराळी काढावी लागते, हाही विचार त्यांनीं केला. वाराणसीच्या संस्कृत पाठशाळेंत अध्यापन करणारे महाराष्ट्रीय पंडित बापूदेवशास्त्री ह्यांनीं इसवी सन १८५८ मध्यें ह्या विचाराकडे आधुनिक विद्वानांचें लक्ष वेधिलें. वृद्धपणींही आचार्यांची लेखणी थांबली नव्हती. वयाच्या एकुणसत्तराव्या वर्षीं, इसवी सन ११८३ च्या सुमारास, त्यांनीं करणकुतूहल हा पंचांगगणितास सोयीचा ग्रंथ रचिला.

आचार्यांचे पुत्र लक्ष्मीधर ह्यांस यादव राजा जैत्रपाल ह्यानें आपल्या पदरीं नेलें, आणि नातू चंगदेव हे सिंघण राजाचे मुख्य ज्योतिषी झाले. आजोबांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून चंगदेवांनीं पाटण येथें एक मठ स्थापिला. वर सांगितलेला शिलालेख त्याच मठाचा आहे. त्याचा शक ११२८, म्हणजे तो इसवी सन १२०७ च्या सुमाराचा. मुंबईचे सुप्रसिद्ध वैद्य व संशोधक डॉक्टर भाऊ दाजी लाड ह्यांनीं एकोणिसाव्या शतकांत तो उजेडांत आणिला. लेखाचा पुढील भाग तत्कालीन मराठींत असून त्यांत मठास दिलेलीं उत्पन्नें नमूद आहेत. पेठेंत होणाऱ्या खरेदी-विक्रीवरील कांहीं हक्क मठास दिले होते. आणि गांवांत तेलाचे जितके घाणे चालतील, त्यांतील प्रत्येकाकडून एक एक पळी तेल मठास मिळावें, असें ठरलें होतें.

हें वाचून आमचें मन क्षणभर थबकलें. ज्या तेल्यांनीं तें तेल घातलें, त्यांस गोलाच्या पृष्ठफळाची विद्या अवगत असणें संभवनीय नव्हतें. तरी त्यांच्या घाण्यांतील पळीभर तेलावर ती विद्या तगली. विद्वान पुरुष एकटाच जन्मास येत असेल. पण त्याची विद्या पुढें टिकते ती गांवाच्या आधारानें. आपल्या पोराबाळांच्या फीचे पैसे शेतांतील धान्य विकून भरणाऱ्या आमच्या पालकवर्गानें ही गोष्ट अभिमानानें ध्यानीं धरावी. आपण स्वतः जें शिकलों नाहीं, तें पुढच्या पिढीनें शिकावें म्हणून दिलेला पैसा वायां जात नाहीं, ह्याचा आठशें वर्षांचा जुना पुरावा दगडावर कोरलेला आहे.

आणि खरोखरच ती विद्या वायां गेली नाहीं. फैजीच्या फारसी भाषांतराचा उल्लेख वर आलाच आहे. पुढें इसवी सन १८१६ मध्यें डॉक्टर जॉन टेलर ह्यांचें लीलावतीचें इंग्रजी भाषांतर मुंबईस छापलें गेलें, व १८१७ मध्यें कोलब्रुक ह्यांनीं लीलावती व बीजगणित ह्या दोहोंचें भाषांतर प्रसिद्ध केलें. विल्किन्सन साहेबांनीं केलेलें गोलाध्यायाचें भाषांतर बापूदेवशास्त्र्यांनीं तपासून १८६१ मध्यें बाहेर आलें. अशा रीतीनें आचार्यांचा कापडाचा तुकडा व आवळ्याच्या रेषा जगभरच्या विद्वानांपर्यंत पोंचल्या.

वर्तुळाच्या प्रमाणाची कथाही तेथेंच थांबली नाहीं. केरळांतील माधव ह्या गणितज्ञानें चौदाव्या-पंधराव्या शतकांच्या सुमारास अनंत पदांच्या श्रेढीनें हें प्रमाण दशांशाच्या अकरा स्थळांपर्यंत काढिलें. इसवी सन १७६१ मध्यें लांबर्ट ह्यानें सिद्ध केलें कीं, कोणत्याही दोन पूर्णांकांच्या अपूर्णांकानें तें तंतोतंत मांडतां येणें शक्य नाहीं. म्हणजे २२/७ नव्हे, ३९२७/१२५० नव्हे, आणि दुसरा कोणताही नव्हे. १८८२ मध्यें लिंडेमान ह्यानें त्याही पुढें जाऊन दाखविलें कीं, पूर्णांकी सहगुणकांच्या कोणत्याही बैजिक समीकरणाचें तें मूळ नाहीं. आणि त्यामुळें पट्टी व कंपास घेऊन वर्तुळाएवढा चौरस काढण्याचा शेंकडों वर्षांचा खटाटोप कायमचा संपला. इसवी सन २०२२ मध्यें गणकयंत्रांच्या साहाय्यानें ह्या प्रमाणाचे एक कोटी गुणिले एक कोटी इतके अंक काढून झाले. तरी तें संपलें नाहीं, व संपणारही नाहीं.

शास्त्रांत ह्या अक्षराचा संचार किती दूरवर आहे, हें पाहून मन थक्क होतें. घड्याळाच्या लंबकास एक हेलकावा घेण्यास किती वेळ लागेल, हें काढावयाचें तर पाय लागतो. दोन विद्युद्भारांमधील आकर्षण मोजावयाचें, ध्वनीच्या वा प्रकाशाच्या लहरींचें गणित करावयाचें, पुष्कळशा मोजमापांतील चुका सरासरीभोंवतीं कशा विखुरतात तें सांगावयाचें, तरी पाय लागतोच. जेथें वर्तुळ डोळ्यांस मुळींच दिसत नाहीं, तेथेंही तो आढळतो. सुईच्या लांबीइतक्याच अंतरावर समांतर रेघा आंखून त्यांवर ती सुई वारंवार टाकिली, तर ती रेघेवर पडण्याचा संभव दोन भागिले पाय इतका असतो, असें ब्यूफॉन ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानें अठराव्या शतकांत दाखविलें. आमच्या विद्यार्थ्यांनीं सुटीच्या दिवशीं हा प्रयोग अवश्य करून पाहावा. आपल्या देशानें इसवी सन १९७९ व १९८१ मध्यें पृथ्वीचें निरीक्षण करण्यासाठीं अंतरिक्षांत सोडलेल्या दोन उपग्रहांस भास्कर हें नांव दिलें होतें. वर उल्लेखिलेल्या दोन्ही भास्करांच्या स्मरणार्थ तें होतें, आणि तें यथार्थच होय. कारण उपग्रहाची एक प्रदक्षिणा मोजण्यासही हेंच प्रमाण लागतें.

आतां हें चरित्र आटोपतें घेऊं. भास्कराचार्यांच्या थोरवीचीं अनेक कारणें सांगतां येतील. पण आमच्या विद्यार्थ्यांनीं एक तरी पदरीं बांधावें, असें आम्हांस मनापासून वाटतें. त्यांनीं स्थूल मूल्यास तुच्छ लेखिलें नाहीं, आणि स्थूलास सूक्ष्म म्हणून खपविलेंही नाहीं. लोहाराच्या कामास २२/७ पुरतो, म्हणून तो लोहारास द्यावा. पृथ्वी मोजतांना तो पुरत नाहीं, म्हणून तेथें अधिक बारकाईनें पाहावें. आणि आपण वापरीत आहों तें मूल्य खऱ्याच्या किती जवळ आहे, हें प्रत्येक वेळीं ठाऊक असावें व प्रामाणिकपणें सांगावें. बाजारांतील वजनमाप असो, शेताची मोजणी असो, कीं परीक्षेचा पेपर असो, ही संवय ज्याच्या अंगीं बाणली त्यास गणिताची भीति राहात नाहीं. ह्यापुढें पुस्तकांत तें दोन पायांचें अक्षर दिसेल तेव्हां केवळ २२/७ न आठवतां, त्याच्या शेजारीं ३९२७/१२५० ही संख्याही वाचकांनीं आठवावी, आणि तिच्याबरोबर चेंडूवर कापड पांघरून थोरामोठ्यांच्या नियमाची परीक्षा घेणारे भास्कराचार्यही आठवावेत. असो.